छतावरचं कमळ: पिक्सेल शिफ्टच्या १६ फ्रेम जुळवल्या की फोटोत जाळी का येते?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या एका जुन्या देवळाच्या छताचं दस्तावेजीकरण चालू आहे. मंडपाच्या मधोमध दगडात कोरलेलं लोंबतं कमळ आहे. दगड काळसर, थोडी झिलई असलेला. त्यावर छिन्नीच्या खुणा अजून दिसतात आणि त्या खुणाच नोंदवायच्या आहेत, म्हणून साधा कॅमेरा न घेता मिडियम फॉरमॅट (मोठ्या सेन्सरचा) घेतलाय.

साहित्य असं: फुजीफिल्म जीएफएक्स १००एस, ४५ मिमी एफ/२.८ लेन्स, कार्बनचा ट्रायपॉड, बॉल हेड. दोन एलईडी पॅनेल, देवळाच्या बोर्डवरून एक्स्टेन्शन ओढून लावलेले, डिमरवर ३० टक्के. कॅमेरा जमिनीपासून थोडा वर, लेन्स सरळ आभाळाकडे. लेन्सपासून कमळाचं टोक २.८ मीटर आणि छताचा सपाट दगड ३.२ मीटर.

सेटिंग: एफ/१६, आयएसओ ८००, १/३० सेकंद, रॉ १६ बिट, अनकंप्रेस्ड. एफ/१६ यासाठी की टोकापासून दगडापर्यंत सगळं फोकसमध्ये यावं. १/३० यासाठी की जास्त वेळ दिला तर हलेल अशी भीती.

अडचणी तीन. पहिली, पिक्सेल शिफ्टच्या (सेन्सर किंचित सरकवत घेतलेल्या) १६ फ्रेम पिक्सेल शिफ्ट कम्बाइनर या सॉफ्टवेअरमध्ये जुळवल्या की पूर्ण फोटोभर बारीक चौकडीची जाळी येते. काही ठिकाणी आडवे पट्टेही दिसतात. दुसरी, एकच फ्रेम घेऊन १०० टक्क्यांवर बघितली तरी पाकळ्यांच्या कडा मऊ वाटतात. तिसरी, १६ फ्रेम चालू असताना कॅमेरा मधेमधे अडतो आणि हिरवा-नारिंगी दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो.

मेकॅनिकल शटरवर एकेक फ्रेम घेतली तर पट्टे अजिबात नाहीत. म्हणून कॅमेऱ्यात दोष नसावा, माझ्याच पद्धतीत काहीतरी चुकतंय असं वाटतं. कुठून तपासायला सुरुवात करू?

शहापूर_पेठ (बेळगाव)

तुमचं शेवटचं वाक्यच उत्तराची किल्ली आहे ओ. मेकॅनिकलला पट्टे नाहीत आणि पिक्सेल शिफ्टला आहेत, म्हणजे लाईट लुकलुकतेय.

पिक्सेल शिफ्ट लावलं की कॅमेरा आपोआप इलेक्ट्रॉनिक शटरवर जातो. १०२ मेगापिक्सेलचा हा सेन्सर एका दमात वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. १४ बिटला हे वाचन साधारण १/६ सेकंद घेतं, १६ बिटला त्याच्या दुप्पट. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे विजेवरची स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. १/३ सेकंद वाचन चालू असताना दिवा तेहतीसेक वेळा लुकलुकून घेतो, म्हणजे तेवढे पट्टे. मेकॅनिकल शटरचा पडदा मात्र १/१२५ सेकंदाच्या आसपास सेन्सर ओलांडतो, म्हणजे लुकलुकीचं एक आवर्तनसुद्धा पुरं होत नाही. त्यामुळे पट्टा दिसत नाही आणि पॅनेल निर्दोष आहे असं आपण समजून बसतो.

आता जाळी कुठून येते ते बघा. १६ फ्रेममध्ये सेन्सर अर्धा-अर्धा पिक्सेल सरकवून तीच जागा पुन्हा पुन्हा मोजली जाते. प्रत्येक फ्रेममध्ये पट्टे वेगळ्या जागी पडले, की शेजारच्या दोन पिक्सेलपैकी एक उजळ आणि एक काळपट निघतो. सॉफ्टवेअर ते इमानदारीनं शेजारी-शेजारी मांडतं. तीच तुमची चौकडी.

१/३० हा वेळ इथे नेमका वाईट आहे. लुकलुकीचं एक आवर्तन १/१०० सेकंदाचं, म्हणजे १/३० मध्ये ३ पूर्ण आवर्तनं आणि एक तृतीयांश उरतं. तो उरलेला तुकडा एका ओळीला उजेडाचा मिळतो, दुसरीला अंधाराचा. १/२५ ठेवलात तर बरोबर ४ आवर्तनं, १/५० ठेवलात तर २. प्रत्येक ओळीला सारखाच उजेड. १/३०, १/६०, १/१२५ हे तिन्ही टाळा.

पण एवढ्यानं पुरणार नाही, कारण तुमचं पॅनेल डिमरवर ३० टक्के आहे. बरीच पॅनेलं उजेड कमी करताना दिवा झटपट चालू-बंद करतात, आणि त्या चालू-बंदचा विजेच्या ५० हर्ट्झशी काही संबंध नसतो. मग १/२५ ठेवूनही बारीक पट्टे राहतात. ओळखायची खूण सोपी: साधा इलेक्ट्रॉनिक शटर लावा, १/५०० ठेवा, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो घ्या आणि पट्टे मोजा. १४ बिटला पंधरा-सतराच्या आसपास जाड पट्टे आले तर दोष विजेचा. मोजता येणार नाहीत इतके बारीक आले तर दोष डिमरचा.

उपाय: पॅनेल १०० टक्क्यांवर ठेवा आणि उजेड कापडानं कमी करा. पांढऱ्या मलमलचा एक पदर पॅनेलसमोर हातभर अंतरावर धरला तर एक स्टॉपच्या आसपास, म्हणजे निम्मा, उजेड जातो आणि झिलईवरची चमकही मवाळ होते, तो वेगळा फायदा. जमलं तर पॅनेल विजेवर न चालवता त्याच्या बॅटरीवर चालवा. लाईट गेली म्हणून इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर काम चालू ठेवू नका. त्यांची फ्रिक्वेन्सी बरोबर ५० राहीलच असं नाही, मग १/२५ चा हिशेब कोलमडतो.

हिशेब मांडून देतो. एफ/१६ वरून एफ/८ ला आलात की २ स्टॉप मिळाले. आयएसओ ८०० वरून १०० ला गेलात की ३ स्टॉप गेले. पॅनेल ३० वरून १०० टक्के म्हणजे पावणेदोन स्टॉपच्या आसपास मिळाले. मलमलनं एक घेतला. १/३० चं १/२५ होतं, जवळजवळ जिथल्या तिथे. तेव्हा आयएसओ १००, एफ/८, १/२५. हलण्याची भीती नको, पिक्सेल शिफ्टमध्ये पडदा आपटतच नाही, शटरचा धक्का शून्य.

एफ/८ का, ते निपाणीवाले सांगतील, त्यांचा त्यात हात बसलेला आहे.

निपाणी_बायपास (निपाणी)

शहापूरवाल्यांचा लाईटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मऊपणाचं मी सांगतो, त्याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकमेकांत मिसळून गेलीत.

एक कारण एफ/१६. या सेन्सरचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. छिद्र लहान केलं की प्रकाशाचा बिंदू बिंदू राहत नाही, चकती होते. हिरव्या उजेडाला एफ/८ वर ती चकती १०.७ मायक्रॉन, एफ/११ वर जवळपास १५, एफ/१६ वर साडेएकवीस. साडेएकवीस म्हणजे पावणेसहा पिक्सेल. एवढी चकती पसरल्यावर १०२ मेगापिक्सेलचा काही उपयोग राहत नाही, आणि त्यावर पिक्सेल शिफ्ट म्हणजे चाळणीतून पाणी गाळणं. या कॅमेऱ्याला तपशीलाच्या कामात एफ/५.६ ते एफ/८, नाइलाज असेल तर एफ/११. त्यापुढे जाऊ नका.

"मग फोकसची खोली कशी मिळणार?" असं तुम्ही विचाराल. तुमच्याच मापांवर बघू. ४५ मिमी, एफ/८, फोकस बरोबर ३ मीटरवर. दोन पिक्सेलएवढा धूसरपणा चालेल असं कडक माप धरलं तर २.७६ मीटरपासून ३.२९ मीटरपर्यंत शार्प येतं. तुमचं टोक २.८ वर आणि दगड ३.२ वर. बसतंय की! फोकस मात्र टोकावर लावायचा नाही, दगडावरही नाही, मधल्या पाकळ्यांच्या रांगेवर लावायचा. मोबाईलच्या ॲपमध्ये हीच मापं घातली तर दोन मीटरहून जास्त खोली दाखवेल. ते माप लहान छपाईसाठी आहे, १०० टक्क्यांवर बघणाऱ्यासाठी नाही. त्यावर विसंबू नका.

उद्या कोणी ११० मिमी लावून तेच कमळ जवळ ओढायला गेलं तर ३ मीटरवर एफ/८ ला फक्त ९ सेंटिमीटर मिळतात. तिथे फोकस ब्रॅकेटिंगशिवाय (फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घेण्याशिवाय) गत्यंतर नाही. त्या मेनूत ऑटो निवडून ए ला टोक आणि बी ला दगड दाखवायचा, मधल्या पायऱ्या कॅमेरा ठरवतो. पण पिक्सेल शिफ्ट आणि फोकस ब्रॅकेटिंग दोन्ही एकदम लावता येत नाहीत. म्हणून या कामाला तुमची ४५ हीच योग्य लेन्स आहे, बदलू नका.

दुसरं कारण हालचाल. आकडा ऐका: ४५ मिमी लेन्सला एक पिक्सेल म्हणजे १७ विकलांचा (एका अंशात ३६०० विकला) कोन. हेडच्या सांध्यापासून १० सेंटिमीटरवर असलेलं कॅमेऱ्याचं टोक ८ मायक्रॉन हललं की फोटो एक पिक्सेल सरकला. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. पिक्सेल शिफ्टला तर अर्ध्या पिक्सेलचा हिशेब, म्हणजे ४ मायक्रॉन. हे डोळ्यांना दिसणार नाही, हाताला कळणार नाही, आणि फोटोत मात्र हमखास उतरेल.

लेन्स आभाळाकडे असताना बॉल हेडचा सगळ्यात वाईट गुण बाहेर येतो. कॅमेरा ९०० ग्रॅम, त्यात लेन्स, आणि वजन सांध्याच्या एका बाजूला लोंबतंय. स्क्रू कितीही आवळा, पहिला अर्धा मिनिट तो मुंगीच्या पावलानं खाली बसतो. आवळल्यावर ६० सेकंद थांबा, मगच पहिली फ्रेम. गिअर हेड (चक्री फिरवून कोन बदलणारं) मिळालं तर ते घ्या.

ट्रायपॉडचा मधला खांब वर काढू नका. तळाचे बारीक पाय बंद ठेवा, जाड पायच उघडा. लेन्स वरच बघतेय तर स्टँड उंच कशाला? जितका बुटका तितका बरा. मधल्या हुकाला पिशवी लटकवायची असेल तर तिचं बूड जमिनीला टेकू द्या, नाहीतर ती लोलकासारखी झुलते आणि स्वतःच कॅमेरा हलवते. पायांना टोकदार खिळे लावू नका, फरशीवर ओरखडे उठतात. रबरी बूटच ठेवा, खालची माती पुसून.

फरशी हलते का ते बघायला स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी भरून ट्रायपॉडच्या पायाशी ठेवा आणि कुणाला तरी मंडपात चालायला सांगा. पाण्यावर वर्तुळं उठली तर ती फरशी सुटी आहे. तिन्ही पाय एकाच घट्ट शिळेवर येतील अशी जागा शोधा, आणि १६ फ्रेम होईपर्यंत मंडपात कुणी चालायचं नाही, तुम्हीही नाही.

सगळ्यात खात्रीची तपासणी लेसरची. शाळेत वापरतात तो साधा लेसर पॉइंटर कॅमेऱ्याच्या हॉटशूजवळ (वरच्या फ्लॅशच्या खाचेजवळ) चिकटपट्टीनं घट्ट बांधा. २० मीटरवरच्या भिंतीवर कागद लावा, ठिपक्याच्या कडेनं पेन्सिलीनं गोल काढा. तिथे १.७ मिलिमीटर म्हणजे एक पिक्सेल. शटर दाबून बघा, केबल ओढून बघा, फरशीवर चालून बघा. ठिपका कशानं सरकतो ते पाच मिनिटांत कळतं. हे घराच्या गच्चीवर किंवा आवारात करा, देवळात लेसर नको.

आणि साध्या, म्हणजे पिक्सेल शिफ्ट नसलेल्या फ्रेमला ट्रायपॉडवर बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद, शटर इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट पडद्यानं).

शहापूर_पेठ

एक राहिलं, कार्डाचं. १०२ मेगापिक्सेल गुणिले १६ बिट म्हणजे एका फ्रेमला २०० एमबीच्या वर. १६ फ्रेमना सव्वातीन जीबी. व्ही३० लिहिलेलं कार्ड फक्त ३० एमबी प्रति सेकंदाची हमी देतं, त्या वेगानं लिहायला पावणेदोन मिनिटं लागतील. व्ही९० ला ३५ ते ३६ सेकंद. कॅमेरा मधेच अडतो तो यामुळे.

अडण्यानं नुसता वेळ जात नाही. मंडपात बाहेरचा उजेड येत असेल आणि तेवढ्यात ढग आला, तर पहिली आणि सोळावी फ्रेम वेगवेगळ्या उजेडाच्या होतात. पुन्हा जाळी! तेव्हा यूएचएस-२ चं व्ही९० कार्ड, रॉ लॉसलेस कंप्रेस्ड, आणि मंडपाच्या तोंडाला काळं कापड. लॉसलेसमध्ये माहिती काही गमावत नाही, त्याची धास्ती नको.

काळ्या दगडाला मीटर फसतो, त्याला करडा करायला जातो. एक्स्पोजर मॅन्युअलच ठेवा आणि हिस्टोग्राम बघा. झिलईवरचे पांढरे ठिपके जळत नाहीत ना एवढंच जपा.

मलप्रभाकाठ

दोघांचे मनापासून आभार. सगळं क्रमानं तपासलं, निकाल देतो.

भिंतीचा फोटो, इलेक्ट्रॉनिक शटर, १/५००, १४ बिट: पॅनेल ३० टक्क्यांवर असताना कंगव्याच्या दातांसारखे बारीक असंख्य पट्टे. १०० टक्क्यांवर १६ जाड पट्टे. बॅटरीवर १०० टक्के: पट्टे नाहीत. म्हणजे डिमर आणि वीज, दोघांचाही वाटा होता.

लेसर: शटर बटण बोटानं दाबलं तर ठिपका ४ मिमी उडतो आणि परत येतो. यूएसबी केबल लोंबती असेल तर हात लागला की ६ मिमी. बॉल हेड आवळल्यावर पहिल्या ४० सेकंदांत ठिपका ३ मिमी खाली घसरला, म्हणजे जवळपास दोन पिक्सेल. नंतर थांबला.

पाण्याची वाटी: कमळाच्या बरोबर खालची शिळाच सुटी निघाली. स्टँड हातभर बाजूला घेतला, कोन किंचित तिरका झाला पण चालेल.

आता बॅटरीवरचं पॅनेल, मलमल, आयएसओ १००, एफ/८, १/२५, फोकस ३ मीटर, वायरवालं रिमोट, हेड आवळून एक मिनिट थांबून. छिन्नीच्या खुणा अशा उठल्यात की एकेका घावाची दिशा सांगता येते. साध्या फ्रेममध्ये एक पिक्सेल म्हणजे दगडावरचा पाव मिलिमीटर, तो खरोखर दिसतोय.

एकच उरलंय. जुळवलेल्या फोटोत ९९ टक्के भाग स्वच्छ, पण वरच्या डाव्या बाजूच्या दोन पाकळ्यांच्या खाचेत रुपयाएवढ्या जागेत अजून जाळी आहे. तिन्ही वेळा तिथेच. लाईटचा दोष असता तर सगळीकडे आला असता. हे काय असावं?

सदाशिवगड (कारवार)

त्या उत्तरापर्यंत निपाणीवाले येतीलच, तोवर पावसाळ्याचं सांगून ठेवतो, कारण जांबोटी-कणकुंबीकडच्या देवळांत जूननंतर काम करणार असाल तर हा कॅमेरा आणि लेन्स सांभाळणं हेच मोठं काम आहे.

एसी लावलेल्या गाडीतून उतरून लगेच पिशवी उघडू नका. थंड काचेवर दमट हवा लागली की लेन्सच्या आत-बाहेर दव धरतं. गाडीतच कॅमेरा झिप पिशवीत बंद करा, देवळात नेऊन पिशवी अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा, बाहेरच्या उष्णतेला आली की उघडा. त्याहून सोपं म्हणजे शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर एसी बंद.

घरी हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे हवा. ६५ च्या वर आठवडेच्या आठवडे राहिला तर लेन्समध्ये बुरशी धरते आणि तिनं कोटिंग खाल्लं की पुसून जात नाही. जेलचे मणी रंग बदलले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवा. निळे मणी असतील तर स्वयंपाकाचं भांडं किंवा ओव्हन वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, तो पोटात जाणं वाईट. केशरी मणी घेतलेले बरे. चामड्याचं कव्हर किंवा कापडी बॅग डब्यात ठेवू नका, बुरशी तिथूनच येते.

छताच्या कामात सेन्सरवर धूळ पडण्याची भीती दुप्पट. लेन्स काढली की या कॅमेऱ्याचा सेन्सर उघडा पडतो, आणि कॅमेरा वर तोंड करून असेल तर छताची माती सरळ आत. लेन्स बदलायचीच असेल तर कॅमेरा स्टँडवरून काढा, तोंड खाली करा, मग बदला. आपल्याकडची तांबडी जांभ्याची धूळ बारीक आणि चिकट. आधी रबरी ब्लोअर, तेही कॅमेरा खाली तोंड करून. तोंडानं फुंकर कधीच नाही, आणि स्प्रेच्या डब्यातली दाबाची हवाही नाही. तरीही ठिपका राहिला तरच ओला स्वॅब. सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिमी आहे, फुल फ्रेमसाठीचा २४ मिमी रुंदीचा स्वॅब एका फेऱ्यात पुरत नाही. दोन फेरे, मधे थोडे एकमेकांवर येतील असे, प्रत्येक फेऱ्याला नवी बाजू. द्रावणाचे दोन थेंब बास, जास्त झाले तर कडेला ओघळ सुकतो.

निपाणी_बायपास

मलप्रभाकाठ, त्या जागेत काहीतरी स्वतः हलतंय. कॅमेरा स्थिर, उजेड स्थिर, आणि डाग ठराविक जागीच, म्हणजे तिसरं काही उरत नाही. माझा अंदाज कोळ्याचं जाळं.

खात्री अशी करा: १६ च्या १६ रॉ फायली क्रमानं उघडा, त्या खाचेवर २०० टक्क्यांचा झूम लावा आणि बाणाचं बटण दाबत पटापट पुढे जा. दगड जागच्या जागी राहील, सेन्सर सरकतो तेवढीच थरथर दिसेल. जे त्यापेक्षा जास्त हलतंय ते तुमचं कारण.

मलप्रभाकाठ

बरोबर निघालं. एक सुटा धागा आहे, त्याच्या टोकाला तांबूस मातीचा कण, आणि तो प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी. तिथे ना वारा, ना पंखा. डोळ्यांनी खालून काहीच दिसत नव्हतं. शिडी लावून झाडून घेऊ का?

निपाणी_बायपास

नको. कोरीव कामाला ब्रश, कुंचा, ब्लोअर काहीही परस्पर लावायचं नाही. दगडाचा पापुद्रा कुठे सुटलाय ते खालून कळत नाही. गावातलं देऊळ असेल तर पुजारी आणि पंचांना विचारा, ते त्यांच्या पद्धतीनं सणाआधी झाडलोट करतात. पुढे बेळगावच्या किल्ल्यातल्या १२०४ सालच्या कमल बसदीचं छत किंवा देगावच्या कमलनारायणाचं काम काढणार असाल तर हात लावायचा प्रश्नच नाही, आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात ट्रायपॉड आणि लाईट लावायला लेखी परवानगी आधी काढावी लागते. आपल्या भागासाठी धारवाड मंडळाकडे अर्ज करायचा. त्यात ट्रायपॉडला रबरी बूट आहेत, लाईट बॅटरीवरची आहे, दगडाला काही टेकणार नाही, हे स्पष्ट लिहा.

धाग्याचा इलाज संगणकावर होतो. १६ पैकी पहिली फ्रेम एकटी डेव्हलप करा. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर जुळवलेल्या फायलीचंच, शार्पनिंग दोन्हीकडे शून्य. मग ती रुंदीला आणि उंचीला दुप्पट करा, म्हणजे ११६४८ बाय ८७३६ ची २३२९६ बाय १७४७२ होते. जुळवलेल्या फोटोवर लेयर म्हणून ठेवा, ब्लेंड मोड डिफरन्स करून हातानं सरकवत बसवा. सगळं काळं झालं की बसली. मोड नॉर्मल करा, मास्क काळा भरा, आणि मऊ ब्रशनं फक्त त्या खाचेपुरता उघडा. तेवढी रुपयाएवढी जागा ४०० मेगापिक्सेलची न राहता १०० ची राहील, पण तिथला दगड खरा राहील.

संगणकाला रॅम ३२ जीबी तरी हवी. ४०० मेगापिक्सेलची १६ बिट टिफ एका लेयरलाच २.४ जीबी होते, दोन लेयर आणि मास्क म्हटल्यावर पाचच्या पुढे. सेव्ह करताना साधी टिफ ४ जीबीला अडते, तेव्हा काम चालू असताना पीएसबी (फोटोशॉपची मोठ्या फायलींची पद्धत) ठेवा आणि शेवटी लेयर सपाट करून टिफ काढा.

आणि नोंदवहीत लिहून ठेवा की अमुक पाकळ्यांच्या खाचेत एकाच फ्रेमचा भाग बसवलाय. पंचवीस वर्षांनी कुणी दगडाची झीज मोजायला हाच फोटो घेतला तर त्याला ते माहीत असायला हवं.

मलप्रभाकाठ

लेयर बसली, खाच स्वच्छ झाली. नोंद फायलीच्या मेटाडेटात आणि वहीत, दोन्हीकडे केली. धागा तसाच ठेवलाय. नवरात्राआधीच्या झाडलोटीनंतर त्याच जागेवरून, त्याच उंचीवर पुन्हा १६ फ्रेम घेईन. स्टँडच्या तिन्ही पायांच्या जागा जवळच्या खांबापासून टेपनं मोजून ठेवल्यात.